फॅट मशीनवाली जेसिका

जेसिका साळवे दूध तपासायची मशीन विकते. तिच्या वर्गातल्या पोरींनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या हसल्या. शिरूरच्या कॉलेजात ती मराठीच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसायची. विज्ञान तिनं दहावीनंतर पाहिलं नव्हतं. घरात गाय नाही, म्हैस नाही, कोंबडीसुद्धा नाही. चर्चच्या मागच्या चाळीत दोन खोल्या, आणि दूध पिशवीतलं. कासेला हात लावायचा म्हटलं तर ती दोन पावलं मागं सरकली असती.

तीच जेसिका आज डेरीच्या ओट्यावर उभी राहते. समोर चेअरमन असतो, संचालक असतात, कॅन घेऊन आलेलं अर्धं गाव असतं. ती बोलते आणि ते ऐकून घेतात. तिच्या वर्गातल्या कुणालाही अजून यावर पुरता विश्वास बसलेला नाही. पण झालं ते असं झालं.

एम.ए. झाल्यावर ती रांजणगावला कंपनीत लागली, ठेकेदारामार्फत. वॉशिंग मशीनच्या सर्किटला चार स्क्रू बसवायचे. एका शिफ्टला अकराशे सर्किटं. सातव्या महिन्यात ठेकेदारानं सगळ्या बॅचला ब्रेक दिला. ब्रेक म्हणजे घरी बसा. पुन्हा बोलावू म्हणतात. कुणाला तरी बोलावतातही.

कंपनीची बस रोज सकाळी बायपासला एका पत्र्याच्या शेडसमोर थांबायची. शेडवर बोर्ड होता. ‘क्षीरमान इन्स्ट्रुमेंट्स. दूध तपासणी मशीन. सेल्स इंजिनिअर पाहिजेत.’ सात महिने तो बोर्ड तिथंच होता. म्हणजे सात महिने कुणी मिळालेलं नव्हतं. एवढं तिनं बसच्या खिडकीतूनच ताडलं होतं. ब्रेक मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी ती त्या शेडमध्ये शिरली.

मालक विश्वजीत ढमढेरे. चाळिशीचा, पोट थोडं सुटलेला, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर.

“बी.ई. का डिप्लोमा?”

“एम.ए. मराठी.”

विश्वजीतनं टेस्टर काढून टेबलावर ठेवला. “अहो ताई, मशीनला मराठी कळत न्हाई.”

“घेणाऱ्याला कळतं ना.”

“अनुभव?”

“स्क्रू बसवायचा.”

तो हसला. नाही म्हणणार हे त्याच्या हसण्यातच होतं. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला. “साहेब, दसऱ्याचा माल पडलाय इथं ढीगभर. मशीन खोलाया तरी ठिवा पोरीला. माझ्या एकट्याच्यानं दिवाळीपत्तुर व्हत न्हाई.”

हे कोंडिबा मामा. साठी ओलांडलेला माणूस. शाळा चौथीपर्यंत, पण क्षीरमानची एकही मशीन त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर पडायची नाही.

दसऱ्याचा माल म्हणजे काय, ते जेसिकाला पहिल्याच दिवशी समजलं. खंडेनवमीला गावोगावच्या डेऱ्यांत मशीनची पूजा होते. वजनकाट्याची होते, कॉम्प्युटरची होते, फॅट मशीनचीही होते. हळद, कुंकू, झेंडूचं फूल. मशीनच्या मागं एक बारका पंखा असतो. तो कुंकू आत ओढून घेतो. काही भाविक तर मशीनसमोरच नारळ फोडतात. नारळाचं पाणी आत गेलं की मशीन दिवाळीच्या आत शिरूरला येते. त्या साली तेरा आल्या होत्या.

ती मशीन खोलायची, पुसायची, आणि आत काय काय निघालं ते वहीत लिहायची. कुंकू. मुंग्या. झेंडूच्या पाकळ्या. एका मशीनीत कुणाच्या तरी कुड्याची फिरकी निघाली. मामा शेजारी बसून एकेक भाग दाखवायचे. ही नळी दूध ओढते. ही डबी. हिच्यात दुधातनं आवाजाच्या लहरी सोडतात, आपल्याला ऐकू न येणाऱ्या. स्निग्ध दुधात त्या वेगळ्या चालीनं जातात, पाणचट दुधात वेगळ्या. त्यावरनं मशीन फॅट सांगते.

“म्हणजे मशीन दुधाचा कानोसा घेते,” ती म्हणाली.

मामांनी तिच्याकडं पाहिलं. “वीस वरीस झालं, मला आसं सांगता आलं न्हाई.”

पंधरा दिवसांनी ती विश्वजीतच्या टेबलापाशी गेली. हातात स्टीलची एक गोल चकती होती, बशीएवढी. तिच्यावर कोरून घेतलं होतं: ‘पूजा येथे करावी. नारळ बाहेर फोडावा.’

“ही झाकणावर पुढच्या बाजूला चिकटवायची,” ती म्हणाली. “पूजा करू नका असं लिहिलं तर कुणी ऐकणार नाही. कुठं करायची ते लिहू.”

विश्वजीतनं चकती उलटीपालटी करून पाहिली. मग ड्रॉवर उघडून व्हिजिटिंग कार्डांचा एक कोरा गठ्ठा काढला.

“तीन महिने,” तो म्हणाला. “तीन महिन्यांत एकटीनं एक मशीन विकायची. माझं नाव सांगून न्हाई, मामांना बरोबर घेऊन न्हाई. एकटीनं. विकली तर सेल्स इंजिनिअर. न्हाई तर ठेकेदार काय कुठं पळून जात न्हाई.”

तो उगाच टोचून बोलला नव्हता. त्याला खरंच माणूस हवा होता. आणि तिला पुन्हा त्या चार स्क्रूंकडं जायचं नव्हतं.

पहिले दोन महिने कोरडे गेले. भाऊ जॉन्सनची स्कूटी, तिच्या पायाशी फोमच्या पिशवीत मशीन, आणि घोडनदीपासून भीमेपर्यंतचे सगळे खड्डे. एका डेरीवर तिला चहा दिला आणि विचारलं, “साहेब मागनं येत्यात का?” ती म्हणाली, मीच आले आहे. “व्हय, पण साहेब?” दुसऱ्या ठिकाणी सचिवानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी, “पोरगी हुशार हाय, लगीन झालंय का?” असं शेजारच्याला विचारलं. शेजारच्यालाच. तिला नाही. एका गावात तिनं मशीन लावली आणि वीज गेली. ती दोन तास थांबली. वीज आली तेव्हा दूध टँकरमध्ये गेलं होतं.

घरी आई विचारायची. कृपाबाई. तीस वर्षं दवाखान्यात आयाचं काम केलेली बाई, तिला गोलगोल बोलता येत नाही.

“विकली?”

“नाही, मम्मी.”

“मग जेव.”

जानेवारी लागला. मुदतीचा शेवटचा आठवडा आला. तेव्हा खुटबावच्या नवजीवन दूध संस्थेतून निरोप आला. येऊन दाखवा.

खुटबावची अडचण मजेशीर होती. त्यांची जुनी मशीन सगळ्यांचं दूध साडेतीन फॅटचं दाखवायची. कुणाचंही असो, साडेतीन. आतल्या डबीत दूध साकळून कित्येक महिने आकडा जागचा हलला नव्हता. काउंटरवर बसणारी नकुशी हे सगळ्यांना सांगून दमली होती. पण गावात तक्रार एकाची नाही. चांगल्या दुधाच्या माणसाला वाटायचं, आपलं बरं चाललंय. पातळ दुधाच्या माणसाला तर वाटायचंच. भांडण मिटलं होतं. फक्त टँकर मोठ्या डेरीला गेला की तिथं फॅट कमी भरायचं आणि तूट संस्थेच्या अंगावर यायची.

“ह्या मशीननं गाव एक केलंय, ताई,” नकुशी म्हणाली. “तुम्ही आता फोडा.”

सकाळचे सात. थंडी होती, माणसं कानाला मफलर बांधून कॅन घेऊन उभी होती. जेसिकानं मशीन मांडली. नळी धुतली, पाणी ओढून शून्य पाहिलं, दोनदा पाहिलं. चेअरमन जयसिंग आप्पा खुर्ची टाकून बसले होते. पांढरी विजार, अंगावर शाल, मांडीवर मोबाईल.

“व्हय बाई, दावा तुमचं.”

पहिलं दूध चार पूर्णांक एक. ज्याचं होतं तो म्हातारा ओरडलाच, “बघा! मी म्हणत व्हतो का न्हाई!” दुसरं तीन तीन. तिसरं तीन आठ. रांगेत कुजबूज वाढली. माणसं पुढं सरकली. महिनोन्‌महिने सारख्या असलेल्या माणसांत पहिल्यांदा लहानमोठं झालं होतं, आणि सगळ्यांना त्याची गंमत वाटत होती.

“आता आमचं घ्या,” आप्पा म्हणाले.

त्यांच्या गड्यानं कॅन पुढं केला. जेसिकानं वाटीत दूध घेतलं. नळीनं ते ओढलं. नकुशीनं स्क्रीनकडं पाहिलं आणि वाचलं नाही.

“वाच की.”

“दोन सहा, आप्पा.”

आधी कुणी हसलं नाही. मग मागून एकजण म्हणाला, “आप्पा, पाणी घाला, पण त्यात थोडं दूध बी घालत जावा.” मग सगळेच हसले. दुसरा म्हणाला, “चेअरमनची गाय हाय, तिला हापसा कासंलाच बसवलाय.”

आप्पांचं तोंड लाल झालं. “मशीन बंद हाय ही.”

जेसिकानं पुन्हा लावलं. दोन सहा. तिसऱ्यांदा लावलं. दोन सहा. पण तिची नजर खालच्या आकड्यावर होती. एसएनएफ. स्निग्धांश सोडून दुधात जो ऐवज उरतो, तो. दुधात पाणी घातलं की तो पडतोच. इथं तो साडेआठ होता, ठणठणीत.

“पाणी नाही यात,” ती मोठ्यानं म्हणाली.

हसणं थांबलं. आप्पांनी मान वर केली. तिनं इथंच थांबायला हवं होतं. पण खरं कळल्याच्या आनंदात माणूस थांबत नाही.

“पाण्याचा थेंब नाही. फक्त साय काढलेली दिसते.”

एवढं बोलली आणि तिच्या लक्षात आलं. गावात दुधात पाणी घालतो तो पुरुष. साय काढते ती घरची बाई. तिनं चेअरमनला सोडवलं होतं आणि त्यांच्या बायकोला चारचौघांत चोर ठरवलं होतं.

“म्हंजी अनिता वहिनी लोणी इकत्यात का काय?” कुणीतरी म्हणालंच.

आप्पा उठले. शाल सावरली. “गुंडाळा,” एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

दुपारी विश्वजीतचा फोन आला. खुटबावहून शिरूरला बातमी तिच्या आधी पोचली होती.

“चेअरमनच्या दुधाला हात लावायचा नसतो, ही पहिली गोष्ट. सांगायची राहिली. माझं चुकलं.” तो ओरडत नव्हता. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. “शनिवारी ये. मशीन जमा कर.”

तो गुरुवार होता. ती शिरूरला गेली नाही. केडगावात मावशी राहते, तिच्याकडं स्कूटी लावली आणि ओट्यावर बसून राहिली. दोन सहा आणि साडेआठ. आकडे खरे होते. सायीचं तिनं आपल्या मनानं जोडलं होतं, ते आकड्यांत नव्हतं. तिनं कोंडिबा मामांना फोन लावला.

“मामा, साय काढली नसेल तर फॅट आणखी कशानं पडतं?”

“मला मशीनचं इचार. दुधाचं इचारायचं तर गोठ्यात जा की. दूध काय मशीन देत न्हाई.”

शुक्रवारी पहाटे साडेपाचला ती आप्पांच्या वस्तीवर होती. धुकं होतं, उसाच्या फडातून ओला वास येत होता. दार अनितानं उघडलं. चाळिशीची बाई, डोळे सुजलेले.

“तुम्हीच व्हय? साय काढणारीला बघाया आलाय?”

“माफी मागायला आलेय,” जेसिका म्हणाली. “मी न बघता बोलले. आता बघायला आलेय. धार कोण काढतं?”

अनितानं तिच्याकडं एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग गोठ्याकडं बोट केलं. “आत्याबाई. दुसऱ्या कुणाचा हात लागू देत न्हाईत. गड्याचा न्हाई, माझा न्हाई.”

आप्पांच्या आई झुंबरबाई चरवी घेऊन गाईखाली बसल्या होत्या. वय पंच्याहत्तरच्या पुढं. दोन गाई, दोन कालवडी. त्यांनी कालवड सोडली. कालवडीनं दोन-चार ढुशा दिल्या, गाय पान्हावली. मग म्हातारीनं कालवडीला ओढून बाजूला बांधलं आणि धारा सुरू केल्या. हात इतके सरसर चालत होते की चरवीतला आवाज तुटत नव्हता.

“आजी, मला थोडं थोडं दूध देता? सुरुवातीचं, मधलं आणि शेवटचं?”

“कशाला?”

“तपासायला.”

“तपास. आमचं काय चोरीचं हाय?”

पहिल्या बाटलीत दूध घेतलं. ते निळसर दिसत होतं. मधलं दुसऱ्या बाटलीत. चरवी भरत आली आणि म्हातारीचे हात थांबले. कास अजून रिकामी नव्हती. जेसिकाला गाईतलं काही कळत नव्हतं, पण एवढं दिसत होतं. झुंबरबाईंनी कालवडीचं दावं सोडलं. कालवड धावली.

“आजी, अजून दूध आहे ना?”

“हाय की. दोन लिटर आसंल. ते तिचं.”

“रोज?”

“तर. म्होरलं दूध पाण्यावाणी आसतं. शेवटची धार घट्ट. ती जिची तिच्या लेकराची. डेरीला कशाला घालू?” म्हातारीनं कालवडीच्या पाठीवर हात फिरवला. “ह्या वाड्या-वस्त्यांवर समदे येड्यावाणी पार वाळवून काढत्यात. मग वासरं मरत्यात आन् डाक्टरला बोलावत्यात.”

जेसिका कालवडीच्या तोंडाकडं पाहत उभी राहिली. फेस आला होता, पिवळसर. तिनं कालवडीला थोडं सरकवायला सांगून तिसरी बाटली भरून घेतली. म्हातारी कुरकुरली. “तिचं हाय ते. एवढंच घे.”

मग जेसिकानं सगळं सांगितलं. काल काय झालं, आकडा काय आला, आपण काय बोललो, अनिताताईंना त्याचं काय ऐकावं लागलं. आणि हेही सांगितलं, की डेरीवर खरं सांगितलं तर आप्पा कदाचित कालवडीचं दूध तोडतील.

झुंबरबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या.

“चल.”

“कुठं?”

“डेरीवर. जयसिंग काय तोडतोय ते बघू.”

झुंबरबाई डेरीवर गेल्याला किती वर्षं झाली, ते गावात कुणालाच आठवत नव्हतं. त्या आल्या तशी रांग आपोआप बाजूला झाली. मागं अनिता डोक्यावर पदर घेऊन. तिच्या मागं जेसिका, पिशवीत मशीन, हातात तीन बाटल्या. आप्पा खुर्चीतून उठले.

“आई? तू कशाला?”

“बस खाली. पोरी, लाव तुझं यंत्र.”

नकुशीनं आज वाचायला वेळ लावला नाही.

“एक सहा!”

रांगेत कुणी हसायच्या बेतात होतं, त्याला शेजारच्यानं कोपर मारलं.

“दोन नऊ!”

तिसरी बाटली. नकुशी वाकून बघू लागली. मग सरळ झाली.

“सात एक!”

“काय सांगती? सात तर म्हशीला बी लवकर लागत न्हाई,” रांगेतून कुणीतरी म्हणालं.

“एकच गाय आहे,” जेसिका म्हणाली. आज ती सावकाश बोलत होती. “एकाच धारेचं दूध आहे. सुरुवातीचं, मधलं आणि शेवटचं. आप्पांच्या दुधात पाणी नाही. आणि सायही कुणी काढलेली नाही. ते मी काल न बघता बोलले. अनिताताई, सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून सगळ्यांसमोरच माफी मागते.”

अनितानं पदर सारखा केला. मान वर होती.

“मग शेवटलं दूध जातंय कुठं?” आप्पांनी विचारलं.

“कालवडींला,” झुंबरबाई म्हणाल्या.

“किती?”

“दोन-दोन लिटर.”

“दोन-दोन लिटर! आई, आगं काय मोजमाप?”

“तुला मोजून पाजलं व्हतं का मी?”

आता मात्र सगळी डेरी हसली. आप्पांनाही हसू आवरेना. म्हातारी तशीच गंभीर उभी. “आन् कालपास्नं सुनंवर तोंड वाकडं करून बसलायस, ते आधी नीट कर.”

जेसिकाला वाटलं, आपण काहीतरी तोडगा सुचवावा. विकणाऱ्यानं तोडगा सुचवावा असं विश्वजीत सांगायचा.

“आजी, असं केलं तर? कालवडींना आधी पाजायचं आणि शेवटचं डेरीला घालायचं. पोट दोघींचं भरेल, फॅटही येईल.”

झुंबरबाईंनी मशीनकडं बोट केलं. “म्होरलं किती म्हणालं हे?”

“एक सहा.”

“मग? ते पाजू व्हय लेकराला? तूच दावतीस आन् तूच सांगतीस.”

रांगेतला तो चार पूर्णांक एकवाला म्हातारा म्हणाला, “मशीन एक नंबर हाय. झुंबरआक्काची बाजू घेतीय.”

गर्दी पांगल्यावर आप्पांनी तिला आत बोलावलं. ऑफिस म्हणजे एक टेबल, एक कपाट आणि घोंगडीची घडी. त्यांनी दार अर्धवट लोटलं.

“बाई, मशीन चांगली हाय. घेतो. पन एक करा. आई ऐकायची न्हाई. आन् चेअरमनच्या दुधाला रोज दोन सहा बरं दिसत न्हाई. आत सेटिंग असतंय म्हणं. आमच्यापुरतं साडेतीन लावून द्या.”

सेटिंग असतं. कोंडिबा मामांनी ते तिला दाखवलं होतं, झाकण उघडून, तीन बटणं एकदम दाबून. तिच्याकडं एक दिवस उरला होता. ऑर्डरचा कागद टेबलावर होता, आप्पांच्या कोपराखाली. समोरचा माणूस वाईट नव्हता. आईपुढं हरलेला होता, एवढंच.

“लावता येतं,” ती म्हणाली. “पण एकट्याला लावता येत नाही, आप्पा. मशीनला तुमचं दूध वेगळं ओळखता येत नाही. तुमचं वाढवलं की सगळ्यांचं तेवढंच वाढतं. चार एकवाल्याला पाच. आणि संध्याकाळी टँकरचा रिपोर्ट येईल तेव्हा तूट पहिल्यापेक्षा मोठी असेल.”

आप्पांनी बोटांवर हिशोब केला.

“म्हंजी आईच्या दोन गाईंपायी समद्या गावाला वाढवून द्यायचं.”

“हो.”

“आन् तुम्ही लावून दिलं, आन् कुणाला सांगितलं न्हाई तर?”

“तरी टँकर सांगेल. आणि मी लावणार नाही.”

हे शेवटचं वाक्य तिच्या तोंडून हळू निघालं. बाहेर नकुशी कॅन धूत होती, त्याचा आवाज येत होता. आप्पांनी कोपर उचललं, कागद ओढला, वाचला, पुन्हा वाचला. मग कपाटावरचा शिक्का काढला.

“आईच्या दुधाला दोन सहाच लागू दे,” ते म्हणाले. “कुणी इचारलं तर सांगीन, कालवडी बघायला या.” शिक्का मारता मारता थांबले. “पन काय गं, आमच्या घरात वाढलेल्याला जे दिसलं न्हाई, ते तुला कसं दिसलं?”

“मी गाय पहिल्यांदाच बघत होते, आप्पा. आजी थांबल्या, म्हणून विचारलं.”

शनिवारी ती शिरूरला शेडमध्ये गेली. मशीन जमा करायला विश्वजीतनं टेबलावरची जागा रिकामी करून ठेवली होती. तिथं तिनं कागद ठेवला. त्यानं तो उजेडात धरून पाहिला, जणू शिक्का खोटा असावा.

“चेअरमनचं किती लागलं शेवटी?”

“दोन सहा.”

“आन् तरी घेतली?”

“हो.”

बाकावर कोंडिबा मामा मान खाली घालून सोल्डरिंग करत होते. त्यांचे खांदे हलत होते. विश्वजीत काही बोलणार तेवढ्यात फोन वाजला. त्यानं स्पीकरवर टाकला. भांडगावच्या डेरीचे सचिव होते.

“ढमढेरे, खुटबावला आलेली ती इंजिनिअर बाई तुमचीच का? गोठ्यात जाऊन धार बघितली म्हणं. तिलाच पाठवा. आमच्या हितं बी एक कोडं हाय, म्हशीचं. दुसरं कुणी नगं.”

विश्वजीतनं फोनवर हात ठेवला आणि तिच्याकडं पाहिलं. “सोमवारी जमंल?”

“जमेल. पण धारेच्या आधी पोचावं लागेल, म्हणजे अंधारातच निघावं लागेल. आणि स्कूटीचं पेट्रोल कंपनीचं.”

“आगं, पर्मनंट झाल्या झाल्या लगेच पेट्रोल?”

“झाले का मी?”

“न्हाई तर पेट्रोलवरनं भांडतोय कशाला तुझ्याशी?” विश्वजीत म्हणाला आणि त्यानं फोनवरचा हात काढला. “हां, सेक्रेटरी. सोमवारी येत्यात बाई. लवकर येत्यात, म्हशीला उठवून ठेवा.”